एकतीस नंबरचं दूध

शनिवारी गोल बाजारात मी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उलटी करून तिची मुळं बघत होते, कारण वरून हिरवंगार दाखवून आत कुजकं बांधायची कला आमच्या भाजीवालीला जन्मजात अवगत आहे. तेवढ्यात कुणीतरी मागून माझं कोपर धरलं आणि विचारलं, "बाई, माह्या दुधात काय निंघालं?" मला वाटलं, एखादी म्हशीवाली असेल, माणूस चुकली असेल. वळून बघितलं तर वीस-बावीस वर्षांची पोर, मार्चच्या उन्हात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला. चेहरा ओळखीचा वाटेना. मग पदर सावरताना तिने डावा हात छातीवर आडवा धरला, मनगटाच्या वर तुळशीचं गोंदण दिसलं, आणि ते मी लगेच ओळखलं. खरं सांगायचं तर मी चेहरे बघतच नव्हते. त्या हिवाळ्यात मी चाळीस बायकांचे हात बघितले, बोटं बघितली आणि शिशीचं तोंड बघितलं.

"मी दिव्यानी," ती म्हणाली. "राजुऱ्याच्या पुढं आमचं गाव. डिसेंबरमंदी तुमच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तुमी तीन दिवस माहं दूध नेलं नं, काचीच्या शिशीत." मी हो हो म्हटलं आणि सवयीने विचारून बसले, बाळ कसं आहे. "गेलं, बाई. नवव्या दिवशी." एस.टी. गेली म्हणून सांगावं तशी ती म्हणाली. "हागवण लागली, मंग अंग तापलं, मंग ओढेच ना. आता सासू म्हणते, तुह्याच दुधात बाधा आहे. नाईतर दवाखान्यावाले कायले तपासाले नेतील? चांगल्या बाईचं दूध कोणी तपासते का? घरचे माणूस बी तसेच म्हणून राह्यले. मले मायच्या घरी धाडून देतो म्हणते, दुसरी बायको पाहून राह्यले. तुमच्यापाशी कागद असंन नं? काय निंघालं ते सांगा. वाईट असंन तं वाईट सांगा, पण सांगा." माझ्या हातात जुडी होती. भाजीवाली म्हणाली, घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर ठेवा. मी जुडी ठेवली. दिव्यानीला म्हटलं, सोमवारी दवाखान्यात ये, सासूला घेऊन ये, कागद देते. ती हसली. मला अजून ते हसू नको होतं असं वाटतं.

काय निघालं हे मला पाठ होतं. एकतीस नंबर, एकोणीस मिलिमीटर. चाळीस बायकांत सगळ्यात मोठा गोल तिचा. कागदावर एवढं लिहून शिक्का मारायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि त्या कागदाने तिचं घर वाचलं असतं. मी तिथेच, बाजारात, तोंडाने का सांगितलं नाही? "तुझं दूध चाळिसांत पहिलं आलं, पोरी," एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येणार होता, तो मी चालता चालता जटपुरा गेटापर्यंत ऐकत गेले. आणि घरी आल्यावर कळलं की पिशवीत फक्त वांगी आहेत.

आमची लॅब म्हणजे प्रसूती वॉर्डाच्या मागची एक लांबट खोली. एका खिडकीतून विजेच्या कारखान्याची राख येते, दुसरी उघडत नाही. मी तिथे अकरा वर्षं लघवी आणि रक्त तपासत होते. मग सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात नागपूरचे एक डॉक्टर आले, म्हणाले, आईच्या पहिल्या दुधात जंतू मारायची केवढी ताकद असते ते आपण मोजायचं, आणि या जिल्ह्यातल्या बायकांच्या दुधात मोजायचं. रीत सोपी होती. काचेच्या उथळ ताटलीत जंतू वाढवायचा अगार ओतायचा, तो खळीसारखा थिजला की त्यावर लेकरांच्या हगवणीतून काढलेले जंतू कापसाच्या काडीने सारवायचे. मग अगारात बटणाएवढी भोकं पाडून त्यांत दुधाचे थेंब सोडायचे, आणि ताटली रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी जंतू वाढून सगळी ताटली धुरकट होते. दुधात ताकद असेल तर भोकाभोवती जंतू फिरकत नाहीत, तिथे स्वच्छ गोल राहतो. तो पट्टीने मोजायचा. पहिला गोल बघितला तेव्हा मी मोठ्याने "या अल्लाह" म्हटलं, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. अकरा वर्षं मी रोग शोधत होते. रोग हरलेला पहिल्यांदा बघत होते. त्या गोलांचं मला वेड लागलं. सकाळी नवऱ्याचा डबा अर्धवट भरून मी पळत यायची, ताटल्या उघडायला. अकरम म्हणायचा, तिथे काय सोनं उगवतं का गं. मी म्हणायची, हो.

दूध मिळवणं कठीण जाईल असं डॉक्टरांना वाटत होतं. मला वाटत नव्हतं, कारण मी इथलीच. आमच्याकडे पहिले तीन दिवस आईचं दूध पाजतच नाहीत. ते पिवळट, चिकट असतं, त्याला कच्चं म्हणतात, लेकराला बाधेल म्हणतात. तीन दिवस बाळाला गुळाच्या पाण्याचा बोळा, आमच्यात शहदाचं, म्हणजे मधाचं, बोट, आणि आईचं दूध पिळून टाकून द्यायचं. हिंदूंकडेही तेच, आमच्याकडेही तेच. या एका बाबतीत या शहरात कधी तंटा झाला नाही. गाईचा चीक मात्र टाकत नाहीत. त्याचा खरवस करतात, वेलची घालून पाहुण्यांना वाढतात. पण बाईचं पिळलेलं दूध कुठेही टाकून चालत नाही. त्याला मुंग्या लागल्या तर तिचं दूध आटतं, असं मानतात. म्हणून घरी ते वाहत्या पाण्यात सोडतात, नाहीतर उन्हाच्या भिंतीवर उडवतात. आमच्या दवाखान्यात नळ सकाळी अर्धा तास, भिंतींना ऑइलपेंट, आणि मुंग्या पलंगाच्या पायापासून सलाइनच्या बाटलीपर्यंत. सासवा वाटी हातात घेऊन वॉर्डभर हिंडायच्या, टाकू कुठी म्हणून. मी शिशी पुढे करायची. "यात द्या, बाई, इथे मुंगी येत नाही." हे वाक्य मलाच सुचलं होतं. मला त्याचा अभिमान होता. सुगंधाबाई, म्हणजे दिव्यानीची सासू, हे ऐकून इतकी निवांत झाली की तिने मला हात जोडले. बारकी, काटक बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तीन दिवस सकाळी ती स्वतः सुनेचं दूध वाटीत पिळायची आणि शिशीत ओतून द्यायची, एक थेंब खाली सांडू न देता.

आता चौथ्या ओळीबद्दल. ते टाळूनच मी इथवर आले, हे माझं मलाही दिसतं आहे. डॉक्टर सज्जन माणूस होते. संमतीच्या कागदावर त्यांनी साध्या मराठीत सात ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांतली चौथी अशी होती: पहिलं दूध आधी बाळाला पाजा, बाळाचं पोट भरल्यावर उरलेलंच आम्हाला द्या. ही ओळ वाचून दाखवल्याशिवाय शिशी पुढे करायची नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. पहिल्या अकरा जणींना मी ती वाचून दाखवली. काय झालं? चार सासवा भांडल्या. एक म्हणाली, तुले लेकरं मारायची आहे का? दोघींनी गुपचूप पाजलं आणि उरलंच नाही. एकीने अंगठा दिलेला कागदच फाडला. अकरा बायका आणि शिश्या भरल्या चार, म्हणजे नंबर पडले चारच. बाराव्या बाईच्या वेळी माझं डोकं दुखत होतं. मी तिसरी ओळ वाचली आणि पाचवीवर गेले. शिशी काठोकाठ भरली. पुढच्या वेळी डोकं दुखत नव्हतं, तरी मी तेच केलं. मग तशी सवयच पडली. कागद धरायचा, माझा अंगठा चौथ्या ओळीवर ठेवायचा आणि खाली तिचा अंगठा घ्यायचा. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, तरी मी माझा अंगठा तिथे ठेवायची. दिव्यानीने अंगठा दिला नाही. ती आठवी शिकलेली होती, तिने पेन मागितलं आणि वळणदार अक्षरात सही केली. सही करताना तिने विचारलं होतं, "इथी काय लिवलं आहे, बाई, तुमच्या बोटाखाली?" मी म्हटलं, काही नाही गं, नेहमीचंच. आणि बोट हललं नाही.

मी स्वतःला काय सांगत होते? सांगायला पुष्कळ होतं. मी कुणाच्या तोंडचं दूध काढलं नाही, फेकायचं होतं तेच घेतलं. मी कुणाची रीत मोडली नाही. शिवाय या आकड्यांतून पुढे हजारो लेकरं वाचतील, मग चाळिसांचं काय एवढं? आणि तीन दिवस दूध न पिता माझी आफ्रीन जगलीच की. नऊ वर्षांची आहे, पाढे म्हणते आणि मला उलटून बोलते. एकतीस नंबरची ताटली उघडली त्या सकाळी मी डॉक्टरांना एस.टी.डी. बूथवरून फोन केला. एकोणीस, सर, एकोणीस. ते म्हणाले, शाब्बास मदीहा, तिसरा नमुना जपून ठेव, मी आलो की पुन्हा करू. मी तारीख आठवून बघितली. ते बाळ तेव्हा सात दिवसांचं होतं. मी बूथवर हसत होते तेव्हा ते राजुऱ्याच्या पुढे कुठेतरी पोट आवळून रडत असणार. ज्या जंतूंना मी ताटलीत हरताना बघत होते, तेच त्याच्या पोटात असतील की दुसरे, कुणास ठाऊक. बोळ्याचं पाणी वॉर्डातल्या टाकीचं होतं. ते मी बघितलं होतं. हगवणीचे जंतू कुठून येतात हे सगळ्या वॉर्डात मला एकटीलाच नक्की माहीत होतं.

रविवारी मी अम्मीकडे गेले. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. अम्मीच्या घराची मागची भिंत अजून तशीच आहे, चुन्याची. आफ्रीन झाली तेव्हा अम्मीने माझं दूध याच भिंतीवर उडवलं होतं, तीन दिवस, दुपारच्या उन्हात. थेंब भिंतीवर चढायचे आणि लगेच सुकायचे. मला बरं वाटायचं, छाती हलकी व्हायची. आता मी त्या भिंतीला हात लावून बघितला आणि किती मिलिमीटर असतील ते मनात येऊन गेलं, तेव्हा स्वतःचाच संताप आला. अम्मी आत मेथी निवडत होती. तिला उगीच विचारलं, सरफराज गेला तेव्हा तू काय म्हणाली होतीस गं? सरफराज माझा मोठा भाऊ, माजरीच्या खाणीत ट्रक चालवायचा, सत्ताविसाव्या वर्षी गेला. अम्मीने मेथीतून मान वर केली नाही. "क्या बोलती? जो हर माँ बोलती. बेटा, मैंने अपना दूध बख्श दिया." मला तो दिवस आठवला. घर माणसांनी भरलेलं, मय्यत उचलायची थांबलेली, आणि बायका अम्मीला धरून म्हणताहेत, बोलो, बोलो, दूध बख्शो, बच्चे पर बोझ मत रखो. लेकराने प्यायलेलं दूध हे आईचं त्याच्यावरचं ऋण. आई माफ करते तेव्हाच ते मोकळं होऊन जातं. अम्मी ते बोलली तेव्हाच मय्यत उचलली. मी मेथीची काडी मोडत बसले. दिव्यानीच्या बाळाने तिचं दूध प्यायलं ते फार तर चार-पाच दिवस, तेही नंतरचं. पहिलं सगळं माझ्याकडे होतं. ऋण असलंच तर माझ्यावर होतं. अम्मीने विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, मेथी कडू आहे. ती म्हणाली, मेथी डोळ्यांत जाते का कधी?

सोमवारी अकराला त्या दोघी आल्या. मी दोन कागद तयार ठेवले होते. एक टाइप केलेला, शिक्क्याचा: दिव्यानी हिच्या दुधाची तपासणी केली, त्यात कोणताही दोष नाही, दूध उत्तम. दुसरा तिने सही केलेला, सात ओळींचा. तो टेबलाच्या खणात होता. पहिला देऊन दोघींना परत पाठवायचं, असं मी सकाळी नमाजाच्या वेळी ठरवलं होतं, आणि एवढं ठरवल्यावर सज्द्यातून उठायला मला वेळ लागला होता. सुगंधाबाई स्टुलावर टेकली नाही. दिव्यानी दाराशी उभी राहिली. मी पहिला कागद वाचून दाखवला. "चाळीस बायकांचं दूध तपासलं, बाई. तुमच्या सुनेचं सगळ्यांत चांगलं निघालं. तिच्या दुधात बाधा नाही. तिला घराबाहेर काढू नका." दिव्यानीने दाराची चौकट धरली. सुगंधाबाईने तो कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला, शिक्क्यावर बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल अशी माझी अपेक्षा होती.

"मंग पोरगं काऊन मेलं?" तिने विचारलं.

तोच प्रश्न. शनिवारपासून मी तो ऐकत होते, आणि उत्तरंही तयार होती. अल्लाहची मर्जी, तुमच्या देवाची मर्जी, थंडीचे दिवस, पाणी. यांतलं एकही खोटं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि "पाण्यामुळे" म्हणाले, आणि सुगंधाबाई मान हलवायला लागली, तिला ते पटत होतं, सगळं मिटत होतं. मी खण उघडला. का उघडला ते मला आजही नीट सांगता येत नाही. धाडस म्हणाल तर ते माझ्यात कधीच नव्हतं. मी दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. "दिव्यानी," मी म्हटलं, "तू विचारलं होतंस, बोटाखाली काय आहे. वाच."

ती जवळ आली. वाकून, शाळेत वाचतात तसं, शब्दावर बोट ठेवत तिने मोठ्याने वाचलं. "पहिलं दूध आधी बाळाला पाजा. बाळाचं पोट भरल्यावर उरलेलंच आम्हाला द्या." एकदा वाचलं, मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "हे मी तुम्हाला सांगायचं होतं. मला बजावलं होतं. मी लपवलं, कारण मला शिशी भरलेली हवी होती. ते दूध पोटात गेलं असतं तर बाळ वाचलंच असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ताटली वेगळी, पोट वेगळं. पण वाचलं असतं कदाचित. आणि दोष तुमच्या सुनेचा नाही, बाई, आणि तुमचाही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

सुगंधाबाई ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. मला ते हवंच होतं. ती हळूहळू खाली बसली, स्टूल सोडून फरशीवर. "मी माह्या हातानं पिळलं," ती म्हणाली. "थेंब बी सांडू नाई देल्ला."

"मी पाजणार होती," दिव्यानी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. "दुसऱ्या दिवशी. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणे, पाज वो, काई नाई होत, लेकरू रडून राह्यलं. सासूबाई नळावर गेल्या होत्या. म्या पोराले जवळ घेतलं, पदर बी काढला. आन् तुमी शिशी घेऊन आल्या." तिचं बोट चौथ्या ओळीवर होतं. "म्या म्हटलं, हे शिकलेली बाई आहे. दूध लेकराच्या कामाचं असतं तं हे कायले घेऊन गेली असती? म्हणून म्या पोराले खाली ठेवलं."

मला तो क्षण आठवत नाही. मी आठवून बघते, अजूनही बघते, मला फक्त तुळशीचं गोंदण दिसतं आणि शिशीचं तोंड. त्याच हाताने तिने तेव्हा लेकरू खाली ठेवलं होतं, हे मी बघितलंच नाही. खोलीत फ्रिजचा आवाज येत होता. दिव्यानीने मान वर केली आणि विचारलं, "सगळं संपलं का ते? का आहे अजून?"

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एकतीस नंबरच्या तीन कुप्या होत्या, तिसऱ्या दिवसाच्या, गोठलेल्या, डॉक्टरांसाठी जपून ठेवलेल्या. त्या गेल्या तर एकोणीसचा आकडा पुन्हा कुणालाही पडताळता येणार नव्हता. पडताळला नाही तर तो धरतच नाहीत. मी त्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. थंडीने तिचा हात दचकला, पण तिने मूठ मिटली. नोंदवहीत एकतीससमोर मी लिहिलं, नमुना आईला परत दिला, आणि चौथ्या ओळीचंही लिहिलं, पाचपासून चाळीसपर्यंत सगळ्या नंबरांसमोर. डॉक्टर पंधरा दिवसांनी आले, वाचलं आणि वही मिटली. त्या कामावरून मी गेले. ते फार मोठं नाही, मी पुन्हा लघवी आणि रक्त तपासायला लागले.

त्या दोघी निघाल्या तेव्हा सुगंधाबाईने शिक्क्याचा कागद चार घड्या करून कमरेला किल्ल्यांपाशी खोचला. मग सुनेच्या मुठीकडे बघून म्हणाली, "हे कुठी टाकशीन?"

"नाल्यापाशी. पळसाखाली. पोराले पुरलं तिथी."

"तिथी मुंग्या आहेत वो, लय."

"लागू द्या मुंग्या," दिव्यानी म्हणाली, आणि मूठ पदराखाली धरून, कुप्या वितळायच्या आत घरी पोचायचं म्हणून, स्टँडकडे भरभर चालू लागली.